अख्ख्या राज्याला एकच खासदार, अमेरिकेतल्या छोट्या राज्यांत हे कसं चालत आलंय?

वारणाकाठचा (शिराळा):

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबच्या देशातला आहे पण आठ दिवस झाले डोक्यातून जाईना म्हणून इथं टाकतोय.

माझी भाची डेलावेअरला असते. परवा फोनवर बोलता बोलता म्हणाली, मामा, आमच्या सगळ्या राज्यातून तिकडच्या लोकसभेत, म्हणजे ते हाऊस म्हणतात त्यात, एकच माणूस जातो. मतदारसंघ पाडलेलेच नाहीत, पूर्ण राज्य हाच मतदारसंघ, त्याला ॲट लार्ज म्हणतात. आणि हे आजचं नाही, दोनशे वर्षांपेक्षा जास्त झाली म्हणे. मी म्हटलं रेषाच मारायच्या नाहीत म्हणजे भांडणच मिटलं की.

आता मला ह्याचं एवढं का पडलंय ते सांगतो. आमचा शिराळा तालुका जिल्ह्यानं सांगली. कलेक्टर सांगलीचा, झेडपी सांगलीची, पण लोकसभेला आम्ही हातकणंगल्यात. वाळवा-शिराळ्याकडचे दोन विधानसभा मतदारसंघ आणि कोल्हापूर जिल्ह्यातले चार, असं मिळून ते झालंय. मागच्या लोकसभेला आईला घेऊन शाळेत मतदानाला गेलो होतो. रांगेत उभी असताना ती भिंतीवर चिकटवलेली उमेदवारांची यादी एकेका नावावर बोट ठेवून वाचत होती, वाचून झाली आणि मला हळूच विचारती, ह्यातलं आपल्याकडचं कोण रे? मला पटकन उत्तर देता आलं नाही. ते आईचं बोट अजून डोळ्यापुढं आहे.

तर जाणकारांनी सांगावं की ही ॲट लार्ज पद्धत तिथं सुरुवातीपासून आहे का, सगळ्याच राज्यांत होती का, मग काही ठिकाणी बंद का केली, आणि मुख्य म्हणजे अशा निवडणुकीत कोपऱ्यातल्या तालुक्याचा फायदा होतो का तो अजूनच मागं पडतो.

---

कऱ्हाडचा मास्तर:

दादा, मी तीस वर्षं पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं आणि कऱ्हाडचा असल्यामुळं तुमचं दुखणं मला आतून कळतं. २००८ च्या पुनर्रचनेत आमचा कऱ्हाड लोकसभा मतदारसंघच पुसला गेला, सातारा आणि कऱ्हाड अशा दोन जागा होत्या त्याची एक झाली. आता तुमच्या प्रश्नाकडं येतो, जरा लांबेल.

आधी एक गोष्ट नीट वेगळी करून घ्या, कारण बहुतेक घोळ इथंच होतो. ॲट लार्ज दोन प्रकारचं असतं. एक म्हणजे राज्याला जागाच एक, मग वाटून घ्यायला काही उरतच नाही, पूर्ण राज्य आपोआप एक मतदारसंघ होतं. दुसरं म्हणजे राज्याला जागा दोन, चार, सहा आहेत पण तरी रेषा मारायच्या नाहीत, प्रत्येक मतदारानं सगळ्या जागांसाठी मतं द्यायची. ह्या दुसऱ्याला तिथं जनरल तिकीट म्हणायचे. नाव एकच पण दोघांचा स्वभाव अगदी वेगळा आहे.

पहिला प्रकार अजून चालू आहे. अमेरिकेच्या घटनेत लिहिलंय की राज्य कितीही लहान असो, हाऊसमध्ये त्याला किमान एक जागा मिळणारच. हाऊसच्या जागा १९१३ पासून ४३५, मध्ये अलास्का आणि हवाई राज्यं झाली तेव्हा थोडे दिवस ४३७ झाल्या होत्या तेवढंच, आणि दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर त्या राज्यांत नव्यानं वाटतात. २०२० च्या जनगणनेनंतर एकच जागा असलेली राज्यं सहा, अलास्का, डेलावेअर, नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा, व्हरमाँट आणि वायोमिंग. आता लहान म्हणजे किती ते आपल्या मापात बघा. वायोमिंगची लोकसंख्या पावणेसहा लाखाच्या आसपास, आणि आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची २०११ लाच पाच लाखाच्या वर होती. डेलावेअर साधारण ९ लाख ९० हजार. आपला सातारा जिल्हा २०११ ला ३० लाख आणि सांगली २८ लाख. म्हणजे आपल्या एका जिल्ह्यात तीन डेलावेअर मावतील अशी गत आहे. आपल्याकडंही सिक्कीम, नागालँड, मिझोराम ह्यांना लोकसभेची एकच जागा आहे, तिथं हाच प्रकार आहे, आपण फक्त त्याला वेगळं नाव दिलं नाही.

दुसरा प्रकार मात्र मेला, आणि तो का मेला हे समजून घ्यायला १८३८ चं न्यू जर्सी बघा. न्यू जर्सीपण क्षेत्रफळानं लहानच राज्य, तेव्हा त्याला सहा जागा होत्या आणि सहाच्या सहा पूर्ण राज्यातून जनरल तिकिटावर निवडायच्या. व्हिग आणि डेमोक्रॅट असे दोन पक्ष. राज्यभरात दोघांना मिळालेल्या मतांत फरक फारच थोडा पडला. त्यात दोन कौंट्यांत, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांत, क्लार्क लोकांनी काही गावांची मतं कागदपत्रात खोट आहे म्हणून मोजणीत धरलीच नाहीत. राज्यपाल विल्यम पेनिंग्टन स्वतः व्हिग, त्यांनी राज्याची मोठी मोहर उठवून व्हिग उमेदवारांना निवडून आल्याचे दाखले दिले. म्हणजे दोन-चार गावांच्या मतपेट्यांवर एक नाही तर पाच जागा हलल्या. सहाव्या जागेबद्दल वाद नव्हता.

आणि नेमकं तेव्हा वॉशिंग्टनमध्ये दोन्ही पक्ष जवळजवळ बरोबरीत होते, ज्याला ह्या पाच जागा मिळतील त्याचं सभागृह. डिसेंबर १८३९ मध्ये सभागृह भरलं, क्लार्क एकेका राज्याची नावं पुकारत आला आणि न्यू जर्सीच्या त्या पाच नावांपाशी थांबला, पुढं वाचेना. अध्यक्ष निवडलेला नाही, त्यामुळं कुणी कुणाला हुकूम देऊ शकत नाही, काही दिवस तिथं कामकाज म्हणून होईना. शेवटी माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स, जे तेव्हा साधे सभासद होते, त्यांना तात्पुरतं खुर्चीवर बसवून गाडं पुढं ढकललं. पुढं १८४० मध्ये त्या जागांवर डेमोक्रॅट बसले. ह्या भांडणाचं नावच मोठ्या मोहरेची लढाई असं पडलंय, आणि तेच पेनिंग्टन १८६० ला हाऊसचे अध्यक्ष झाले.

ह्यानंतर १८४२ ला काँग्रेसनं, म्हणजे तिकडच्या संसदेनं, कायदा केला की एकापेक्षा जास्त जागा असतील तर राज्यानं मतदारसंघ पाडलेच पाहिजेत. न्यू हॅम्पशायर, जॉर्जिया, मिसिसिपी आणि मिसुरी ह्या चार राज्यांनी ऐकलं नाही, जनरल तिकिटावरच माणसं निवडून पाठवली, आणि हाऊसनं त्यांना बसूही दिलं. पुढं ही अट कधी आली कधी गेली, १९२९ च्या कायद्यात ती राहिलीच नाही, त्यामुळं नॉर्थ डकोटा १९३३ पासून ३० वर्षं दोन खासदार राज्यभरातून निवडत होतं आणि न्यू मेक्सिको १९४३ पासून १९६९ पर्यंत. शेवटचा खिळा १९६७ च्या डिसेंबरात ठोकला, तेव्हापासून एकाहून जास्त जागा असलेल्या राज्याला एका मतदारसंघातून एकच माणूस निवडावा लागतो.

---

ऊसवाला (वाळवा):

मास्तर, जनरल तिकीट म्हणजे आपलं कारखान्याचं पॅनेलच की ओ!

मी आमच्या भागातल्या एका कारखान्याचा सभासद आहे, नाव घेत नाही. संचालक गटवार असतात, अमुक गटातनं तीन, तमुक गटातनं दोन, पण मत सगळ्या सभासदांनी सगळ्या गटांना द्यायचं. वेगवेगळ्या रंगाच्या मतपत्रिकांचा गठ्ठा हातात येतो आणि म्हातारी माणसं त्या पडद्याआड दहा-दहा मिनिटं उभी राहत्यात, कुठली कुठल्या पेटीत टाकायची कळत नाही, शेवटी पॅनेलचं चिन्ह बघून सरळ शिक्के मारत सुटत्यात. आमच्या गटातला माणूस, सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा, आमच्या पाच गावांत त्याला भरभरून मतं पडली पण बाकीच्या गटांनी पॅनेल बघून मत दिलं आणि तो पडला. आमच्या गटाचा संचालक म्हणून जो निवडून आला त्याला आमच्याच गटानं नाकारलं होतं. पाच वर्षं तोच आमच्या उसाच्या तोडीच्या तक्रारी ऐकत होता. मला आजही ते बरोबर वाटत नाही.

न्यू जर्सीचं वाचून अंगावर काटा आला, दोन-चार गावांच्या पेट्यांवर सगळं पॅनेल इकडचं तिकडं हे आम्ही बघितलेलं आहे.

---

मिरजकर, सध्या बोझमन:

मास्तरांनी इतिहास छान सांगितला, पण मोंटानाचं राहिलं आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. मी मिरजेचा, अकरा वर्षं झाली मोंटानात राहतोय. हे राज्य माणसांनी लहान, २०२० ला जेमतेम १० लाख ८४ हजार, पण जमिनीनं आपल्या पूर्ण महाराष्ट्रापेक्षा मोठं. पूर्व-पश्चिम हजार किलोमीटरच्या आसपास पसरलेलं, सांगलीहून नागपूरला जाण्यापेक्षा जास्त. पश्चिमेला डोंगर, जंगल, खाणी, आणि पूर्वेला नुसतं माळरान, गहू आणि गुरं. दोन्हीकडची माणसं वेगळी, गरजा वेगळ्या.

मोंटाना १८८९ ला राज्य झालं तेव्हा एक जागा होती, १९१० च्या जनगणनेनंतर दोन मिळाल्या. राज्यानं लगेच रेषा मारल्या नाहीत, त्यामुळं काही निवडणुका दोन्ही जागा राज्यभरातून झाल्या, प्रत्येक मतदाराला दोन मतं आणि पहिले दोन निवडून. आणि ह्याच फटीतनं १९१६ ला जेनेट रँकिन निवडून आल्या, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेलेली पहिली बाई. तेव्हा अमेरिकाभर बायकांना मताचा अधिकारसुद्धा नव्हता, मोंटानानं तो १९१४ ला दिला होता आणि त्या चळवळीत ह्या बाई गावोगाव फिरलेल्या होत्या, ती ओळख निवडणुकीत कामी आली. खाणीवरच्या वस्त्या, एका खोलीच्या शाळा, रेल्वेची बारकी स्टेशनं, सगळीकडं जाऊन बोलल्या. त्या रिपब्लिकन, आणि त्या वर्षी मोंटानानं राष्ट्राध्यक्षाला मत दिलं डेमोक्रॅट विल्सनना. पहिला नंबर डेमोक्रॅट जॉन एव्हन्सचा आला, दुसरा रँकिनचा, तिसऱ्यापेक्षा साडेसात हजारांच्या आसपास मतं जास्त. म्हणजे पुष्कळ लोकांनी एक मत आपल्या पक्षाला दिलं आणि दुसरं ह्या बाईंना. एकच मत असतं तर त्यातल्या किती जणांनी ते त्यांना दिलं असतं ह्याचा विचार मी नेहमी करतो.

२ एप्रिल १९१७ ला शपथ घेतली आणि चार दिवसांत जर्मनीविरुद्ध युद्धाचा ठराव मताला आला. ३७३ विरुद्ध ५०, त्या पन्नासात रँकिन. त्याच जूनमध्ये ब्यूट गावात तांब्याच्या खाणीला आग लागून १६८ माणसं गेली आणि खाण कामगारांनी संप केला, तेव्हा ह्या कामगारांच्या बाजूनं उभ्या राहिल्या. तिथं तांबं कंपनीचं वजन किती होतं हे जुनी माणसं अजून सांगतात, वर्तमानपत्रंसुद्धा कंपनीची होती.

आणि मग विधिमंडळानं राज्यात रेष मारली. दोन मतदारसंघ झाले आणि बाईंचं घर आलं पश्चिमेच्या मतदारसंघात जिथं डेमोक्रॅटांचा जोर. त्यांचा आधार राज्यभर पसरलेला होता, पूर्वेच्या शेतकऱ्यांतही होता, तो मधोमध कापला गेला. तिथून उभं राहण्यात अर्थ नाही म्हणून १९१८ ला त्यांनी सिनेट, म्हणजे तिकडचं वरचं सभागृह, लढवलं, कारण सिनेट अजून राज्यभरातून होतं. पक्षाची उमेदवारी थोडक्यात हुकली, मग तिसऱ्या पक्षाकडून लढल्या आणि पडल्या. वारणाकाठचे दादा, एका रेषेनं माणूस कसा बाहेर पडतो ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पुढं १९४० ला त्या त्याच पश्चिम मतदारसंघातून परत निवडून आल्या. ८ डिसेंबर १९४१ ला जपानविरुद्ध युद्धाचं मतदान झालं, ३८८ विरुद्ध १, तो एक म्हणजे रँकिन. मतदानानंतर लोक एवढे अंगावर आले की त्यांना टेलिफोनच्या खोक्यात शिरून दार लावून घ्यावं लागलं आणि पोलिसांनी तिथून बाहेर काढलं. नंतर त्या गांधीजींच्या विचारानं भारतात पुष्कळ वेळा येऊन गेल्या. त्यांच्याबद्दल वाचताना मला दरवेळी भरून येतं.

आता दुसरी बाजू. १९९० च्या जनगणनेनंतर मोंटानाच्या दोनाची परत एक जागा झाली. मोंटाना राज्य कोर्टात गेलं, म्हणणं असं की आठ लाख माणसांना एकच प्रतिनिधी, आणि देशाची सरासरी पावणेसहा लाखाला एक. जागा वाटायचं गणित दुसऱ्या रीतीनं केलं असतं तर दुसरी जागा वाचत होती. १९९२ ला देशाच्या सुप्रीम कोर्टानं एकमतानं सांगितलं की गणित काँग्रेसनं ठरवायचं, जे आहे ते चालेल. मग त्याच वर्षी पूर्वेचे खासदार मार्लेनी आणि पश्चिमेचे खासदार विल्यम्स एकाच जागेसाठी समोरासमोर आले, विल्यम्स थोडक्यात जिंकले आणि पूर्वेकडचं गुराखी लोकांचं माळरान आपला माणूस गेला म्हणून हळहळलं. तीस वर्षं एकावर काढली, शेवटी शेवटी दहा लाखाला एक, देशात एवढे लोक कुठल्याच खासदाराच्या वाट्याला नव्हते. २०२२ ला दोन जागा परत मिळाल्या. मी तेव्हा इथंच होतो, रेष कुठून जाणार ह्यावर किराणा दुकानात सुद्धा लोक बोलत होते.

---

फलटणची ताई:

सगळं वाचलं. मिरजकर दादा, रँकिनबाईंची गोष्ट फार सुंदर सांगितली पण मला ती वाचून ॲट लार्ज चांगलं असं म्हणवत नाही, म्हणून दुसरी बाजू मांडते.

आम्ही पण तुमच्याचसारखे, वारणाकाठचे दादा. फलटण आणि माण हे सातारा जिल्ह्यातले पण लोकसभेला माढ्यात, बाकीचे चार मतदारसंघ सोलापूरचे. म्हणजे जिल्ह्याबाहेर पडल्याची हळहळ मला पण आहे. पण रेषा पुसल्या की सगळ्यांना न्याय मिळतो असं नाही हो. मास्तरांनी १९६७ चा कायदा एका ओळीत सांगितला पण तो का आला हे महत्त्वाचं आहे. १९६४ ला तिकडच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की मतदारसंघांची लोकसंख्या सारखी पाहिजे. १९६५ ला काळ्या लोकांच्या मताधिकाराचा कायदा आला. मग भीती अशी होती की दक्षिणेकडची राज्यं मतदारसंघच मोडून टाकतील आणि राज्यभर मतदान घेतील. काळी वस्ती जिथं जास्त आहे तिथला एखादा मतदारसंघ तिच्या माणसाला निवडून देऊ शकतो, पण पूर्ण राज्यात मत मोजलं की गोऱ्यांचं बहुमत प्रत्येक जागेवर. ऊसवाल्या दादांनी जे कारखान्याचं सांगितलं तेच, फक्त इथं प्रश्न माणुसकीचा होता. म्हणून ते दार बंद केलं, आणि मला वाटतं बरं केलं.

हे पण खरं की हवाईत १९६४ ला दोन जागा राज्यभरातून असताना पॅट्सी मिंक निवडून आल्या, गोऱ्या नसलेल्या बायकांतून काँग्रेसमध्ये गेलेल्या त्या पहिल्या. म्हणजे दोन मतं असली की बायकांना वाट सापडते हे दुसऱ्यांदा दिसलं. पण एकच जागा असली की वेगळं होतं. व्हरमाँटला १९३३ पासून एकच जागा, आणि त्या राज्यानं पहिली बाई काँग्रेसमध्ये पाठवली ती २०२२ च्या निवडणुकीत, पन्नास राज्यांत सगळ्यात शेवटी. अलास्कात डॉन यंग १९७३ पासून २०२२ ला मरेपर्यंत, ४९ वर्षं एकच माणूस. आपल्या लक्षद्वीपला पी. एम. सईद १९६७ पासून सलग दहा वेळा. माणसं चांगली असतीलही, लोकांनीच निवडून दिलं, पण एकाच जागेवर एकदा माणूस बसला की नव्याला पूर्ण राज्य पिंजून काढायला पैसा आणि गाड्या आणायच्या कुठनं?

आपल्याकडं थेट सरपंच म्हणजे गावापुरतं ॲट लार्जच आहे. २०१७ ला आणलं, २०२० ला बंद केलं, २०२२ ला परत आणलं. आमच्या गावात थेट सरपंच झाल्यापासून मोठ्या आळीचाच सरपंच होतो, वस्तीवरची पन्नास घरं मोजणीत दिसतच नाहीत. वॉर्डाचा मेंबर तरी त्यांचा असतो, नळाला पाणी नाही आलं की त्याच्या दारात जाता येतं. रेष वाईट नसते, ती कोण मारतं आणि कुणाला विचारून मारतं हे बघायला पाहिजे.

---

कऱ्हाडचा मास्तर:

ताई, तुमचं म्हणणं मान्य आहे, दक्षिणेचं कारण मी नीट सांगायला पाहिजे होतं. एकच भर घालतो. आपल्याकडंही दोन मतांची लोकसभा होऊन गेलीय. १९५२ आणि १९५७ ला काही मतदारसंघ दोन जागांचे होते, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, मतदार सगळे तेच. उत्तर मुंबईतून १९५२ ला डॉ. आंबेडकर अशाच दुहेरी मतदारसंघात राखीव जागेवर उभे होते आणि काजरोळकरांकडून पडले. १९६१ ला कायदा करून हे दुहेरी मतदारसंघ बंद केले. पूर्ण मतदारसंघाची मतं राखीव जागेचा निकाल ठरवतात तेव्हा काय होऊ शकतं ह्याचं एवढं मोठं उदाहरण आपल्याच घरात आहे, आणि वर्गात हे सांगताना माझा आवाज दरवेळी बदलायचा.

---

डेलावेअरची भाची:

मामा, तुम्ही लिंक पाठवली म्हणून आले. आम्हाला इथं मत नाही, पण मतदान जवळून बघते त्यामुळं डेलावेअरचं थोडं सांगते.

हे राज्य क्षेत्रफळानं आपल्या सांगली जिल्ह्यापेक्षाही लहान आहे. कौंट्या तीनच, वर न्यू कॅसल, मध्ये केंट, खाली ससेक्स. निम्म्याहून जास्त लोक न्यू कॅसलमध्ये, आम्ही पण तिथंच विल्मिंग्टनजवळ, आणि ससेक्स म्हणजे शेती आणि कोंबड्यांच्या लांबच लांब शेड, तिथं गेलं की मला आपल्याकडची पोल्ट्री आठवते. तर तुम्ही जो प्रश्न विचारलाय, कोपऱ्यातल्याचं काय, तो इथल्या लोकांना अगदी पहिल्या निवडणुकीत पडला होता. १७८९ ला जागा एक असूनही प्रत्येक मतदारानं दोन नावं द्यायची आणि त्यातलं किमान एक नाव दुसऱ्या कौंटीतल्या माणसाचं पाहिजे असा नियम होता. म्हणजे नुसतं आपल्या कौंटीच्या माणसाला मत देऊन चालायचं नाही, शेजारच्या कौंटीत चांगला कोण आहे हे पण बघावं लागायचं. मला हे वाचून फार आवडलं. तो नियम पुढं राहिला नाही. मध्ये १८१३ पासून दहा वर्षं दोन जागा होत्या, त्या पण राज्यभरातूनच, बाकी सगळा काळ एकच. ताई म्हणतात तसं बाईला यायला इथंही फार वेळ लागला, २०१६ च्या निवडणुकीत लिसा ब्लंट रॉचेस्टर ही पहिली बाई आणि पहिली काळी व्यक्ती, आणि २०२४ ला सारा मॅकब्राइड, काँग्रेसमध्ये उघडपणे ट्रान्सजेंडर असलेली पहिली सभासद. म्हणजे एकदा वाट पडली की लगेच दुसरी पण गेली.

आणि एक गोष्ट मी डोळ्यांनी बघितली. ससेक्समध्ये जॉर्जटाउन म्हणून गाव आहे, तिथं निवडणुकीनंतरच्या गुरुवारी रिटर्न डे असतो. पूर्वी लोक निकाल ऐकायला गावोगावहून घोड्यांवर तिथं यायचे, त्याची आठवण. जिंकलेला आणि पडलेला असे दोघं एकाच घोडागाडीत बसून मिरवणुकीत निघतात, कोर्टाच्या सज्जातून निकाल वाचतात, आणि मग दोन्ही पक्षांचे पुढारी मिळून एक कुऱ्हाड वाळूत पुरतात, भांडण संपलं म्हणून. आम्ही गेलो तेव्हा माझा लेक वाळूच्या पेटीजवळ उभा राहून विचारत होता, आई ती परत वर काढतात का? राज्याला माणूस एकच, तो वर राहणाऱ्यांचा पण आणि खाली राहणाऱ्यांचा पण, त्यामुळं दोघांनी एका गाडीत बसलेलं लोकांना बघायचंच असतं.

---

वारणाकाठचा (शिराळा):

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ताई, तुमचं थेट सरपंचाचं वाचून मी माझं म्हणणं मागं घेतो, रेषा पुसून टाका असं मी आता म्हणणार नाही. पण भाचीनं सांगितलेला तो १७८९ चा नियम मात्र मनात बसला, कारण हातकणंगल्यातले चार मतदारसंघ आमच्या शिराळ्याकडं कधी बघणार हाच माझा मूळ प्रश्न होता, आणि आम्ही तरी शिरोळ-इचलकरंजीकडं कधी बघितलंय.

संध्याकाळी आईला रँकिनबाईंचं सगळं वाचून दाखवलं. ती चुलीपुढं बसून ऐकत होती, टेलिफोनच्या खोक्याचं आलं तेव्हा भाकरी थापायची थांबली. मी म्हटलं आई, लोकांना दोन मतं होती म्हणून निवडून आल्या, तर म्हणाली त्यात काय नवीन, ग्रामपंचायतीला आमच्या वॉर्डात तीन मतं असत्यात, दोन पॅनेलला द्यायची आणि एक आपल्या मनातल्या बाईला, आम्ही सगळ्याजणी तसंच करतो, तुझ्या बाबाला कधी सांगितलं न्हाई.